काळ्या दगडावरची रेघ

तुमच्या पुढे चाललेल्या माणसाच्या पोटऱ्यांवर चिखल वाळून पांढरा पडला आहे. त्याच्या मागोमाग चला. तो वळून बघणार नाही. जव कापणीला आला आणि नेमक्या त्याच आठवड्यात युफ्रेटिसचं पाणी बांध फोडून त्याच्या शेतात शिरलं. आता त्याच्या डोक्यात दुसरं काही नाही. या मुलखाचं हे जुनं दुखणं. नाईलचा पूर पेरणीच्या आधी येतो आणि गाळ ठेवून निघून जातो. इथे मात्र उत्तरेच्या डोंगरांतलं बर्फ वितळलं की नद्या फुगतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये, ऐन सुगीत.

शहराचं नाव सिप्पर. बगदादच्या नैर्ऋत्येला तीसेक किलोमीटरवर आज अबू हब्बा नावाचं जे पांढरीचं टेकाड आहे, ते हेच. साल इ.स.पू. १७५०च्या दोन-चार वर्षं आधीचं. बॅबिलोनच्या गादीवर हम्मुराबीला चाळीस वर्षं होत आली आहेत. लार्सा, एश्नुन्ना, मारी ही शेजारची राज्यं त्याने एकामागून एक गिळली आहेत आणि आता तो म्हातारा झाला आहे. तुम्हाला अक्कादी भाषा येत नाही याची फार चिंता करू नका. पैशाची भांडणं कुठल्याही भाषेत कळतात.

माणूस थांबतो तो एका उंच भिंतीपाशी. सूर्यदेव शमाशच्या देवळाला लागून असलेल्या या वस्तीला गागुम म्हणतात. आत राहतात त्या नदीतू, म्हणजे देवाला वाहिलेल्या बायका. ‘देवाला वाहिलेल्या’ म्हटल्यावर तुमच्या मनात जे येईल ते बाजूला ठेवा. या बड्या घरच्या मुली आहेत, राजघराण्यातल्याही. त्यांनी मूल जन्माला घालायचं नाही, एवढी अट. बाकी जमीन विकत घेणं, ती खंडाने लावणं, धान्य आणि चांदी व्याजाने देणं, सगळं चालतं. काही जणी लिहायला शिकल्या आहेत आणि खतं लिहिणाऱ्या म्हणून त्यांची नावं पाट्यांवर टिकून राहिली आहेत. आपल्या शेतकऱ्याची सावकारीण यांपैकीच एक. गेल्या पेरणीला त्याने तिच्याकडून जव उचलला होता आणि सुगीत फेडायचा कबूल केला होता.

दाराबाहेरच्या सावलीत दुसऱ्याच कुणाचं कर्जखत लिहिणं चाललं आहे. जवळ जाऊन बघा. लिहिणारा तळहातावर मावेल एवढा मातीचा गोळा थापून त्याची उशीसारखी पाटी करतो. बोरूचं टोक तो ओढत नाही, टेकवतो. एकेका टेकवण्यात एकेक पाचर उमटते. कोणी किती घेतलं, केव्हा परत द्यायचं, व्याज काय, एवढं झालं की साक्षीदारांची नावं एकाखाली एक. मग शपथ: शमाशची, मर्दुक देवाची आणि हम्मुराबी राजाची. शेवटी साल. सालाला इथे आकडा नसतो. त्या वर्षी राजाने जे मोठं काम केलं त्याचं नाव वर्षाला मिळतं.

आता खरी गंमत. पाटी वाळल्यावर तो तिच्याभोवती मातीचा दुसरा पातळ थर चढवतो, चांगला पाकीट केल्यासारखा, आणि सगळा मजकूर त्या पाकिटावर पुन्हा एकदा लिहितो. ज्यांच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेला दगडी शिक्का आहे ते तो ओल्या मातीवर लाटण्यासारखा फिरवतात. ज्यांच्याकडे शिक्का नाही ते नख रोवतात, नाही तर वस्त्राच्या काठाचा ठसा उमटवतात. बाहेरच्या मजकुराशी कुणी खेळ केलाच तर न्यायाधीशांसमोर पाकीट फोडायचं आणि आतली पाटी वाचायची. आत कुणाचा हात पोचलेला नसतो. मूळ दस्त आणि नक्कल एकाच वस्तूत ठेवण्याची ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. हम्मुराबीच्या शिळेची जगभर चित्रं छापतात. माझ्या मते त्या पाकिटाचंही एखादं छापायला हवं होतं, कारण लिखित कायद्याचा पाया तिथे आहे. व्यवहार आधी लिहिले गेले, कायदे नंतर. साक्षीदार आणि करार नसताना कुणाच्या मुलाकडून किंवा गुलामाकडून काही विकत घेतलंत तर राजाच्या कायद्यात तुम्ही थेट चोर ठरता.

शेतकरी दाराशी काहीतरी बोलतो. आतून निरोप येतो: बोली सुगीची होती, सुगी आली आहे. तो मान खाली घालून देवळाकडे वळतो. तुम्हीही वळा.

देवळाचं नाव एबब्बर, झळाळतं घर. सुसा शहरात सापडलेला हम्मुराबीचा दगड मुळात इथेच उभा होता, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. तेव्हा आपणही तो इथेच बघू. काळा, घोटून गुळगुळीत केलेला, सव्वादोन मीटर उंच. माथ्यावर कोरीव चित्र आहे: शमाश बसलेला, त्याच्या खांद्यांतून किरणं निघतात आणि तो राजाला काठी आणि कडं देतो आहे. राजा उभा, एक हात तोंडापाशी नेलेला. या चित्रावरून देवाने राजाला कायदा सांगितला अशी समजूत पसरली आहे. खालचा मजकूर मात्र तसं म्हणत नाही. देवांनी राज्य दिलं, न्यायाची जाण दिली; शब्द माझे आहेत, असं हम्मुराबी स्वतः ठासून सांगतो.

चित्राखाली दगडाच्या सर्व बाजूंनी बारीक अक्षरांचे रकाने. ते वाचायला मान तिरकी करावी लागते, कारण त्या काळातही जुन्या वाटणाऱ्या वळणाने अक्षरं आडवी निजवली आहेत. आणि वाचणार कोण? तुमच्या आजूबाजूच्या शंभर माणसांत चार जणांना अक्षरओळख असली तरी पुष्कळ. हे राजाला ठाऊक आहे. शेवटच्या मजकुरात तो सांगतो की ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने या दगडापुढे यावं, तो मोठ्याने वाचवून घ्यावा आणि आपला निवाडा ऐकून मन शांत करावं. विधवेला, पोरक्याला न्याय मिळावा आणि बलवंताने दुबळ्याला नाडू नये, यासाठी हे लिहिलं, असंही तो म्हणतो. राजे असं म्हणतातच. पण दगडावर कोरून म्हटलं की निदान तोंड फिरवायला अडचण होते.

शेतकऱ्याने एका लेखनिकाला गाठलं आहे. लेखनिक बोट फिरवत एका जागी थांबतो आणि वाचू लागतो. पद्धत एकच: अमुक माणसाने अमुक केलं तर तमुक. तत्त्वं नाहीत, व्याख्या नाहीत, प्रसंग आहेत. शकुनाचे आणि वैद्यकाचे ग्रंथही इथे याच साच्यात लिहितात. लेखनिक वाचतो त्याचा आशय असा: कर्ज असलेल्या माणसाच्या शेतात अदद या वादळाच्या देवाने पाणी आणलं, पुराने पीक वाहून गेलं किंवा पाण्यावाचून दाणा धरला नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य द्यायचं नाही, पाटी ओली करायची आणि त्या वर्षाचं व्याजही द्यायचं नाही.

पाटी ओली करायची. पाट्या भाजलेल्या नसतात, उन्हात वाळवलेल्या असतात. पाणी लावलं की माती पुन्हा मऊ होते, जुना मजकूर मोडून नवी मुदत घालता येते. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, पूर आणि दुष्काळ या दोन्हींची नावं घेऊन, सावकाराच्या दस्तावर पाणी सोडायला सांगणारा कायदा इथे तुमच्यासमोर आहे. पाठ्यपुस्तकांनी मात्र आपल्याला ‘डोळ्याला डोळा’ तेवढा दिला.

तोही बघून घ्या, सुटका नाही. अवीलुम म्हणजे प्रतिष्ठित माणसाचा डोळा दुसऱ्या अवीलुमने फोडला तर फोडणाऱ्याचा डोळा जातो. पण मुश्केनुम, म्हणजे त्याखालच्या पायरीवरच्या माणसाचा डोळा फोडला तर एक मीना चांदी, साधारण अर्धा किलो. गुलामाचा फोडला तर गुलामाच्या किमतीच्या निम्मे पैसे, तेही त्याच्या मालकाला. आपल्याहून वरच्या माणसाच्या थोबाडीत मारली तर सभेसमोर बैलाच्या कातडीच्या चाबकाचे ६० फटके. न्यायाच्या तराजूला इथे माणूस बघून वजन लावतात आणि ते लपवण्याची कुणाला गरजही वाटत नाही.

दर वाचताना मजुरीशी ताळा घालून बघा, म्हणजे अंदाज येईल. याच दगडावर मजुराची रोजी दिली आहे: वर्षाच्या पहिल्या पाच महिन्यांत दिवसाला सहा जवांच्या वजनाची चांदी. १८० जवांचा एक शेकेल होतो, म्हणजे मजुराचा महिन्याचा पगार एक शेकेल. ब्राँझच्या शस्त्राने अवघड शस्त्रक्रिया करून वैद्याने अवीलुमचा जीव वाचवला तर त्याला १० शेकेल मिळतात, मजुराचे दहा महिने. मुश्केनुमकडून ५, गुलामासाठी मालकाकडून २. आणि अवीलुम दगावला तर वैद्याचा हात तोडायचा. गवंड्याने कच्चं घर बांधलं आणि ते पडून घरमालक मेला तर गवंड्याला मृत्युदंड. मालकाचा मुलगा मेला तर गवंड्याच्या मुलाला. शेवटचं वाचून अंगावर काटा येतो. येऊ द्या. त्या पोराने काय केलं होतं, हा प्रश्न हा दगड विचारत नाही.

पण त्याच दगडावर नवरा नकोसा झालेल्या बाईसाठी वाट आहे: तिच्या वागण्याची वस्तीत चौकशी करायची, दोष नवऱ्याचा निघाला तर तिने आपलं स्त्रीधन घेऊन बापाच्या घरी जावं. दोष तिचा निघाला तर तिला पाण्यात टाकायचं, हेही लगेच खाली आहे. कर्जापोटी बायको-मुलांना सावकाराच्या घरी राबायला द्यावं लागलं तर तीन वर्षं, चौथ्या वर्षी सुटका. आणि अगदी सुरुवातीला, पाचव्या जागी, मला सगळ्यांत मोलाचं वाटणारं कलम आहे. न्यायाधीशाने शिक्का मारून निवाडा दिला आणि नंतर फिरवला, तर दाव्यातल्या रकमेच्या बारा पट त्याने भरायची आणि त्याला सभेतल्या आसनावरून कायमचं उठवायचं. चोर, दरोडेखोर, गवंडी, वैद्य यांच्याही आधी न्यायाधीशाचा नंबर लावला आहे.

जाण्याआधी पुढच्या बाजूला, अगदी पायथ्याशी वाकून बघा. तिथले रकाने नीट पाहून ठेवा, पुढे त्यांचं काम आहे. व्याजाचे दर या भागात आहेत: धान्यावर तिसरा हिस्सा, चांदीवर पाचवा. सावकाराने याहून जास्त घेतलं तर मुद्दलही बुडालं. देताना लहान माप आणि घेताना मोठं माप वापरलं तरी मुद्दल बुडालं.

निवाड्याच्या जागी शहराचे न्यायाधीश बसले आहेत आणि त्यांच्या शेजारी घाटावरच्या व्यापाऱ्यांची मंडळी. नदीतूच्या वतीने तिचा भाऊ पाटी घेऊन आला आहे. पाकीट फोडतात. कवचाचे तुकडे मांडीवर पडतात, आतली पाटी कोरी करकरीत निघते. मजकूर जुळतो. साक्षीदार हजर आहेत. शेजारच्या शेतकऱ्यांना विचारतात: पूर सगळ्यांकडे आला की याच्याच कालव्याचा बांध फुटला? प्रश्न महत्त्वाचा आहे. स्वतःच्या आळसाने बांध फुटला असता तर उलट शेजाऱ्यांचं बुडालेलं धान्य यालाच भरून द्यावं लागलं असतं, आणि नसतं जमलं तर याला विकून पैसे वाटून घेतले असते. शेजारी सांगतात, नदीच आली होती. न्यायाधीश आपसांत बोलतात. यंदा धान्य नाही, व्याज नाही, मुद्दल पुढच्या सुगीला.

तुमच्या लक्षात आलं का? कुणीही बाहेर उभ्या असलेल्या दगडाकडे बोट दाखवलं नाही. हा प्रसंग मी तुमच्यासाठी रचला आहे, पण ही चुप्पी खरी आहे. त्या काळातले करार, पत्रं, निवाडे हजारोंनी सापडले आहेत आणि हम्मुराबीच्या अमुक कलमानुसार हा निर्णय दिला, असं लिहिलेला निवाडा त्यांत नाही. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, ती राजाची जाहिरात होती. काही म्हणतात, विद्वानांनी केलेला नमुना-निवाड्यांचा संग्रह. मला वाटतं, दोन्ही. रोजचा न्याय रूढीने, साक्षीने आणि पाटीने चालत होता. दगड सांगत होता की या सगळ्याच्या वर एक माप आहे आणि ते सगळ्यांनी पाहावं असं उघड्यावर ठेवलं आहे.

राजाचा खरा हात बघायचा तर त्याची पत्रं वाचा. लार्सातला त्याचा अधिकारी सिन-इद्दिनाम याला पाठवलेली कित्येक पत्रं उपलब्ध आहेत. एकात लाच खाल्ल्याची तक्रार आली आहे, चौकशी कर, खरं निघालं तर ती चांदी मोहोरबंद करून घेणाऱ्यांसकट इकडे पाठव, असा हुकूम आहे. दुसरं पत्र आपल्याला घरचं वाटेल. वर्षात तूट आली आहे, तेव्हा येणारा महिना दुसरा उलूलू म्हणून नोंदवा, म्हणजे सरळ अधिक मास. पण महिना वाढला म्हणून करभरणा पुढे ढकलायचा नाही. तश्रीतूच्या २५ तारखेला येणारा कर अधिक उलूलूच्याच २५ला बॅबिलोनला पोचला पाहिजे. पंचांग वाढलं तरी वसुलीची मुदत वाढलेली नाही! सरकार म्हणजे काय, हे कळायला दगडापेक्षा हे पत्र बरं.

आता थोडं मागे जाऊ. दीडशे वर्षं मागे, दक्षिणेला, निप्पूर शहरात. इसिनचा राजा उर-निनुर्ता याच्याकडे खुनाचं प्रकरण गेलं आणि त्याने ते निप्पूरच्या सभेकडे सोपवलं. तुम्ही सभेत मागे उभे राहा. तीन पुरुषांनी लू-इनन्ना नावाच्या पुजाऱ्याला मारलं. त्यांतला एक न्हावी, एक माळ्याचा गुलाम. मारल्यावर त्यांनी ते त्याच्या बायकोला, निन-दादाला सांगितलं. ती काहीच बोलली नाही. सभेतले नऊ जण उठतात. त्यांत एक पाखरं धरणारा आहे, एक कुंभार, एक माळी. वकील वगैरे कुणी नाही. चौघांनाही ठार करा, असं ते म्हणतात. मग दोघं उठतात, एक शिपाई आणि एक माळी, आणि विचारतात: बाईने काय केलं? तिने मारलं का?

सभा शांत होऊन ऐकते, उत्तर देते. नवऱ्याची किंमत नसलेली बाई त्याच्या शत्रूला माहिती पुरवू शकते, नवऱ्याला मारलं हे कळूनही गप्प बसली, तिचा दोष मारणाऱ्यांहून मोठा. आणि चौघांनाही मृत्युदंड होतो. सॅम्युएल नोआ क्रेमर या सुमेरी भाषेच्या जाणकाराने हा निवाडा आधी बाईच्या सुटकेचा म्हणून वाचला होता. पुढे थॉर्किल जेकबसन यांनी जास्त प्रती जुळवल्यावर चित्र उलटं झालं. जास्त प्रती कुठून आल्या? शाळेतून. लेखनिक व्हायला निघालेली पोरं हा खटला धडा म्हणून उतरवून काढत होती. निकाल आपल्याला पटो न पटो, ‘तिने मारलं का?’ हा प्रश्नही त्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहून काढला.

आणखी दोनशे वर्षं मागे, उर नगरीत, इ.स.पू. २१००च्या सुमारास उर-नम्मू राजाच्या नावावरचे कायदे आहेत, सापडलेल्यांत सर्वांत जुने. तिथे हाड मोडलं तर एक मीना चांदी, नाक कापलं तर दोन तृतीयांश मीना. डोळ्याला डोळा नाही. माणूस आधी रानटी होता आणि हळूहळू सौम्य झाला, ही आपली आवडती शिडी इथे उलटी लावलेली दिसते. दंड आधी, अंगच्छेद नंतर. हम्मुराबीचं घराणं अमोरी टोळ्यांमधून आलेलं, त्यांच्या चालीरीती त्याच्या कायद्यात शिरल्या असाव्यात, असा एक तर्क आहे. क्रेमर यांनीच १९५२ साली इस्तंबूलच्या संग्रहालयातल्या एका पाटीवरून हे कायदे ओळखले. १९४०च्या दशकापर्यंत पहिला कायदेकार म्हणून हम्मुराबीचंच नाव घेत.

पुन्हा सिप्परला या, हम्मुराबीच्या मुलाच्या, सम्सु-इलुनाच्या काळात. गावात गलका आहे. राजाने सोन्याची मशाल उंच धरली, अशी खबर आली आहे. तिचा अर्थ सगळ्यांना कळतो: कर्जं माफ. सिप्परच्या एका अर्जात या मशालीचा उल्लेख आहे. अशा आज्ञेला मेशारूम म्हणत, आणि ती निघाली की माफ झालेल्या व्यवहारांच्या पाट्या तपासून फोडल्या जात. घरावर हक्क सांगणारी आपली पाटी विनाकारण फोडली, अशी त्या अर्जातली तक्रार आहे. माती फुटल्याचा आवाज ऐका. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतं आणि रोखे काढून जाळले, तेव्हा त्यांना हवं होतं ते हेच. फक्त तिथे मशाल राजाच्या हातात नव्हती. सरकारला जाग आली ती नंतर, १८७९च्या डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्टमध्ये. त्या कायद्याने न्यायालयाला खताच्या मजकुरामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला.

मजकुरामागे जाण्याची गरज बॅबिलोनलाही पडली होती. हम्मुराबीचा खापरपणतू अम्मी-सदुका याचा माफीचा हुकूमनामा, इ.स.पू. १६४६च्या सुमाराचा, बराचसा टिकला आहे. माफी कुणाला, हे त्यात स्पष्ट आहे: पोटासाठी आणि पेरणीसाठी काढलेल्या कर्जाला. व्यापारातल्या भागीदारीच्या पैशाला नाही. सावकार हे ऐकून स्वस्थ बसणारे नव्हते. व्याजाने दिलेलं धान्य पाटीवर खरेदीची रक्कम म्हणून किंवा ठेव म्हणून लिहायचं, म्हणजे माफीच्या तावडीतून सुटलं. हुकूमनाम्याने ही पळवाट नाव घेऊन बुजवली. साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं की ते कर्जच होतं, तर पाटी फिरवल्याबद्दल सावकाराने सहा पट भरायचं.

पुढची पाचशे वर्षं भराभर ओलांडा. इ.स.पू. ११५८च्या आसपास एलामचा राजा शुत्रुक-नह्हुन्ते बॅबिलोनियावर चालून आला आणि लुटीत आपला दगडही सुसाला घेऊन गेला. आज तो भाग इराणमध्ये आहे. पराभूतांच्या शिळांवर आपलं नाव कोरायचा त्याला सोस होता. तुम्ही सुसाच्या अंगणात उभे आहात आणि छिन्नीवाला दगडाच्या पायथ्याशी बसला आहे. काळ्या दगडावरची रेघ पुसत नाही म्हणतात. इथे रकान्यांमागून रकाने पुसले जात आहेत: व्याजाचे दर, खोटी मापं, मघाशी वाकून पाहिलेलं सगळं. जागा गुळगुळीत झाली. नाव मात्र कधी कोरलंच गेलं नाही. ती कोरी पट्टी आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बघायला मिळते.

जाक द मॉर्गन यांच्या फ्रेंच पथकाला हा दगड १९०१-०२च्या हिवाळ्यात सुसाच्या उत्खननात तीन तुकड्यांत सापडला. झाँ-व्हँसाँ शेल यांनी १९०२मध्येच त्याचं वाचन आणि भाषांतर छापलं. कायद्यांना २८२ क्रमांक दिले ते शेल यांनी, खोडलेल्या भागासाठी अंदाजे जागा सोडून. हम्मुराबीने काही मोजलं नव्हतं. खोडलेल्यातला बराच भाग पुढे परत मिळाला, आणि तोही शाळकरी पोरांमुळे. हजार वर्षांहून जास्त काळ लेखनिक हा मजकूर उतरवत राहिले. निनेव्हेच्या असुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातही त्याच्या प्रती होत्या. लहान-मोठ्या मापांचं कलम आज आपल्याला माहीत आहे ते मातीच्या त्या नकलांमुळे.

राज्यं बुडाली, भाषा मेली, तरी काही वाक्यं शेजारच्या घरांत राहायला गेली. एश्नुन्नाच्या कायद्यांच्या पाट्या १९४०च्या दशकात बगदादजवळच्या तेल हर्मलला सापडल्या. त्यांत दोन बैलांचं भांडण आहे: एकाच्या बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर जिवंत बैलाची किंमत आणि मेलेल्याचं मांस दोघा मालकांनी निम्मं-निम्मं वाटून घ्यावं. बायबलमधल्या निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात जवळजवळ हाच निवाडा आहे. बैल मारका आहे हे माहीत असून मालकाने तो बांधला नाही तर काय, हेही दोन्हीकडे. तो अध्याय ज्यू, ख्रिस्ती, पुढे निम्म्या जगाच्या घरी पोचला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या भिंतीवर हम्मुराबी कोरलेला आहे, पण त्याची ती मूर्ती मला एवढी भारावत नाही. मारका बैल भारावतो. माहीत असून निष्काळजीपणा केला की जबाबदारी वाढते, हे आजही कुठल्याही मोटार अपघाताच्या दाव्यात वकील सांगतो.

आता तुमच्या घरी, तुमच्या सालात परत या आणि अम्मी-सदुकाची ती पळवाट आठवा: कर्ज द्यायचं आणि कागदावर खरेदी लिहून घ्यायची. महाराष्ट्रात ती जुनी झालेली नाही. व्याजाने पैसे देताना जमिनीचं खरेदीखत करून घेणारे अवैध सावकार अजून आहेत आणि सातबारा हातचा गेल्यावर रडणारी घरंही आहेत. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ या कायद्याच्या कलम १८ने अशा खरेदीखतामागे जाऊन चौकशी करण्याचा आणि व्यवहार सावकारीचाच ठरला तर ते खत रद्द ठरवून जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला आहे. ओळखीपाळखीत कुणाची जमीन अशी गेली असेल तर मुदत संपायच्या आत त्यांना या निबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करायला सांगा, आणि व्यवहाराच्या वेळी हजर असलेले साक्षीदार सोबत न्यायला सांगा.